घड्यांच्या ओळी

१२ जानेवारी

प्रिय मावशी,

ठिपकीचा आवाज गेला.

ती जाऊन वर्ष होत आलं, पण आवाज होता. मी ओट्याशी उभी असले की मागून यायचा, "आई, हे बघ ना." मी वळायची नाही. वळलं की तो थांबतो, हे मला कळलं होतं. गेल्या आठवड्यापासून येईनासा झालाय. ती काय काय बोलायची ते आठवतं, पण ते सगळं आता माझ्याच आवाजात ऐकू येतं. जणू मी तिची नक्कल करतेय.

तुझे जावईबापू म्हणाले, "असंच असतं. हळूहळू सगळंच जातं." धीर द्यायला म्हणाले बिचारे. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

मला भीती वाटते मावशी. आज आवाज गेला. उद्या तिचं ते एक पाय घासत चालणं जाईल. मग खालचा ओठ पुढे काढून रुसणं जाईल. सात वर्षांची मुलगी माझ्या डोक्यातून रोज थोडी थोडी निघून चालली आहे आणि मी दाराशी उभी राहून बघतेय. ती पूर्ण जायच्या आत मला तिला लिहून ठेवायचंय. वही उघडते, पेन धरते, आणि काही सुचत नाही. दिवसभर मी फोनवर लोकांच्या पाण्याच्या तक्रारी लिहून घेते. "आपली तक्रार नोंदवली आहे," हे वाक्य झोपेतही म्हणता येईल मला. पण स्वतःची एक ओळ नोंदवता येत नाही.

तू इतकी वर्षं रोज लिहितेस. आई तुला हसायची, "आमची ताई म्हणजे मोठी लेखिका, रोज भाजीचा हिशोब लिहिते." मला शिकव ना. फोन करू नकोस. दिवसभर कानाला लावून घरी आलं की तो उचलवत नाही, आणि तुझा फोन दुकानातला, तिथे तो इस्त्रीवाला कान टवकारून उभा. पत्रच लिही.

तुझी
घुमी


१९ जानेवारी

घुमे,

तुझं पत्र इस्त्रीवाल्यानेच आणून दिलं. वर म्हणाला, "भाचीचं दिसतंय. जड लागतंय, रडकं असणार." त्याला म्हटलं, तू तुझ्या कॉलरी सरळ कर. मग मागच्या खोलीत जाऊन वाचलं. दोनदा वाचलं.

रोज लिहायची सवय म्हणजे काही मोठी विद्या नाही गं. नवी सवय एकटी उभी राहत नाही, तिला जुन्या सवयीच्या कडेवर बसवावं लागतं. माझं बघ. संध्याकाळी रफूचं काम संपलं की बोटातलं अंगुस्तान काढून मी डबीत ठेवते. ती डबी वहीवर ठेवलेली असते. डबीला हात गेला की वहीला जातो, वहीला गेला की एक ओळ होते. कंटाळा आला तरी होते, कारण अंगुस्तान बोटात घालून काही झोपता येत नाही. तू घरी आल्यावर पहिलं काय करतेस? चहा टाकतेस ना? मग वही चहाच्या डब्याखाली ठेव. आधण येईपर्यंत एक ओळ.

आणि एकच. मन भरून आलं, हात थांबेना झाला, तरी एकच. थोडी भूक ठेवून ताटावरून उठावं तसं. पोट तुडुंब भरलं की दुसऱ्या दिवशी ताटाचं तोंड बघवत नाही.

छान वही आणू नकोस. छान वहीला माणूस घाबरतं. मी पाठकोरे कागद घेते आणि शिवते. त्यांना रेघा नसतात, म्हणून घड्या घालते. घडी नखाने दाबली की ओळ तयार. तिच्यावर अक्षर बसवायचं.

आता महत्त्वाचं. ठिपकीबद्दल लिहू नकोस.

रागावू नकोस, पुढे वाच. कोटाला भोक पडलं तर आम्ही भोकात सुई घालत नाही. तिथे कापडच नसतं, सुई धरणार कशाला? लांब, चांगल्या कापडात सुरुवात करायची आणि कडेकडेने यायचं. दोराही बाहेरचा चालत नाही, त्याच कोटाच्या आतल्या पट्टीतला उसवून घ्यायचा. तू पण कडेने ये. नळ, बस, चहा, शेजारीण, काय वाटेल ते. भोकापर्यंत पोचशील तेव्हा पोचशील.

तुझी पोर एकदाच माझ्या दुकानात आली होती. आठवतंय? टेबलाखाली बसून पडलेली बटणं गोळा करत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हनुवटीला धूळ लागलेली, नेमकी त्या खळीत. तुझीच खळी ती. तुझ्या आईची पण. मी तिच्या हनुवटीला हात लावला तर म्हणाली, "मावशीआजी, रफू करू नकोस हं, मला ते भोक आवडतं."

हे तुला सांगितलं होतं की नाही कोण जाणे.

मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नव्हतं सांगितलंस. मी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की आता त्यातून काहीच ऐकू येत नाही. फक्त तुझं अक्षर दिसतं.

सवयीचं म्हणशील तर तुझ्या भाचीने नाक कापलं. तू नको म्हणालीस तेच आधी केलं. कापडी बांधणीची, रिबिनीची खूण असलेली वही आणली. पहिल्या पानावर तारीख घातली. ती खोडली, कारण अक्षर वाईट आलं. पान फाडलं. मग दुसरं पान सुटून आलं. चहा उतू गेला. जावईबापू येऊन बघून गेले आणि म्हणाले, "वहीवर लिहितेस की वहीशी भांडतेस?"

पुढचे तीन दिवस एकेक ओळ लिहिली. मग एक दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी बसून कालची ओळ आठवायला लागले, तर काल काय झालं तेच आठवेना. मावशी, काल! काल मी काय केलं ते मला सांगता येत नाही, आणि मी एक अख्खी मुलगी लिहायला निघाले. वही कपाटात टाकली.

एक म्हातारे गृहस्थ आहेत, रोज फोन करतात. नळ गळतो म्हणतात. आमचा माणूस जाऊन आला, नळ व्यवस्थित आहे. तरी फोन करतात, मीही तक्रार लिहून घेते. आज ते म्हणाले, "बाई, तुम्हीच उचलता ते बरं, दुसऱ्या बाई लगेच ठेवतात." मला वाटलं, मी पण तुला अशीच लिहितेय. नळ ठीक आहे आणि मी गळतो म्हणतेय. पण तो गळतोच गं.

घुमी


११ फेब्रुवारी

घुमे,

राहिलेला दिवस उसवत बसायचं नाही. राहिला तो राहिला. माझ्या वह्यांत महिनेच्या महिने कोरे आहेत. तुझी आई गेली ते दिवस तर अजिबातच नाहीत. पण आज आज आहे ना? आजची ओळ लिही. कालची भरपाई करायला गेलं की सवय मोडते, हे पक्कं लक्षात ठेव. उपाशी राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवला की आजारीच पडतो.

ती रिबिनीची वही कुणाला तरी देऊन टाक. पाठकोरे कागद घे. तुमच्या ऑफिसात ढिगाने असतील. पेन दोरीने ओट्याच्या कडीला बांध. निम्मी माणसं पेन सापडत नाही म्हणून लेखक होत नाहीत.

आणि "आज काही झालं नाही" ही पण ओळ असते. लाजू नकोस तिला.

इकडे ठीक. दुकानातला बल्ब मंद झालाय, दुकानदार नवा लावत नाही. परवा काळ्या कोटाला मी गडद निळा दोरा ओवला. गिऱ्हाईक मोठं चिकित्सक, कोट दारात नेऊन उन्हात धरला. इस्त्रीवाल्याने सावरून घेतलं, "आजकाल अशीच फॅशन आहे" म्हणाला. मेल्याची जीभ त्याच्या इस्त्रीपेक्षा सुळसुळीत.

तू अक्षर जरा मोठं काढत जा. आणि शाई फिकी झाली आहे तुझी. गडद पेन घे.

मावशी


३ मार्च

प्रिय मावशी,

जमतंय! लिहायला भीती वाटते, दृष्ट लागेल म्हणून, पण जमतंय. पेन ओट्याला बांधलं. जावईबापू विचारतात, "चोरी होते का आपल्याकडे?" चहाच्या डब्याखाली ऑफिसातले पाठकोरे कागद ठेवलेत, घड्या घालून. ऐक माझं साहित्य:

आज बसमध्ये बसायला जागा मिळाली.

आज काही झालं नाही.

शेजारणीने खिडकीला नवा पडदा लावला, आमच्या खिडकीतून तो आम्हालाच जास्त दिसतो.

आज पुन्हा काही झालं नाही.

तक्रारवाल्या आजोबांचा फोन आला नाही.

तक्रारवाल्या आजोबांचा आजही नाही.

हसू नकोस. कडेकडेने येतेय. कपाटाच्या खालच्या खणापर्यंत आले काल. तिथे ठिपकीचा तपकिरी कोट आहे. खिशाजवळ दाराच्या कडीत अडकून फाटला होता. मावशीआजीकडे पाठवू, पाठवू म्हणताना राहून गेलं. तो आता या पत्राबरोबर पाठवतेय. तुझ्यासारखं रफू कुणी करत नाही, आई म्हणायची भोक कुठे होतं ते ताईलाही नंतर सापडत नाही. तसा करून दे. तो नीट झाला की त्याच्याबद्दल लिहीन. तो पहिला. मग आतली पोर.

अगं, आणि तुझ्या ओळी हल्ली घसरगुंडी खेळतात. सुरुवातीला घडीवर असतात, शेवटी खालच्या ओळीच्या डोक्यावर जाऊन बसतात. मला शिस्त शिकवतेस आणि स्वतः घाईत लिहितेस होय?

तुझी घुमी


२५ मार्च

घुमे,

कोट पाठवतेय. उशीर झाला. दोरा आतल्या पट्टीतलाच घेतला आहे.

हल्ली काम फार असतं. तू लिहीत राहा. एकच ओळ.

मावशी


३० मार्च

मावशी,

कोट मिळाला.

मला वाटलं होतं, उघडल्यावर भोक शोधावं लागेल. शोधावं लागलं नाही. खिशाजवळ एक गाठ आलीय, बोटाएवढी. कापड ओढलं गेलंय. आणि दोरा तपकिरी नाही, लाल आहे. अस्तराच्या शिवणीतला असावा. तू म्हणतेस, पट्टीतला घेतला. मी पट्टी उलटून बघितली. तिला कुणी हातही लावलेला नाही.

तू केलं नसशील. कुणा शिकाऊ माणसाला दिला असशील, काम फार असतं म्हणून. पण मावशी, माझ्याकडे तिचा हा एकच कोट आहे. मला "नाही होत" असं लिहिलं असतंस तर मी फाटकाच ठेवला असता. फाटला होता तो निदान तिने फाडलेला होता. आता तिथे तिने केलेलं काहीच उरलं नाही.

जावईबापू म्हणाले, "जाऊ दे, मावशीचं वय झालं." मी म्हटलं, वय हाताचं होतं, मनाचं नाही. ज्याला आपलं म्हणायचं त्याचं काम माणूस वेगळं ठेवतं.

गेले चार दिवस ओळ लिहिली नाही. चहाही दुसऱ्या डब्यातला करते.

घुमी


५ मे

प्रिय, प्रिय मावशी,

मी किती मूर्ख आहे ते तुला माहीतच आहे, तरी पुन्हा सांगते.

तुझं पाकीट एप्रिलच्या सुरुवातीला आलं. मी उघडलं, आतून घडी घातलेले कागद निघाले, सगळे कोरे. एक अक्षर नाही. नाव नाही, तारीख नाही. मला वाटलं, चिडलीस. "तुला लिहायला माझ्याकडे काही नाही," असं सांगितलंस. मी ते तसेच चहाच्या डब्याखाली कोंबले आणि रडले. मग रागाने तुलाही लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात चहाचा डबा उचलला आणि ते कागद पुन्हा हाताला लागले. तेव्हा नीट बघितलं. प्रत्येक कागदाला घड्या, अगदी जवळ जवळ, नखाने दाबलेल्या. ओळी पाडून दिल्या होत्यास तू! मी चार दिवस लिहिलं नाही म्हणाले, तुला बोल बोल बोलले, आणि तू भांडली नाहीस, कोटाचा खुलासा केला नाहीस. सरळ कागद तयार करून पाठवलेस, की बस झालं, लिही आता. अशी एक तूच, मावशी. मी ओट्याशीच उभी राहिले आणि पेनाची दोरी सोडली.

एक ओळ नाही लिहिली. तुझा नियम मोडला. रोज लिहिलं, चहा उकळून आटून जाईपर्यंत. कागद हाताला जरा खडबडीत लागत होता, जुना असेल, पण पेन त्यावर छान चाललं. आधी कोटाबद्दल लिहिलं. मग दाराच्या कडीबद्दल. मग ती कडीला लोंबकळायची कशी, त्याबद्दल. एक पाय घासत चालणं, रुसणं, दात पडला तेव्हा तो उशाशी ठेवून त्याच्याशी बोललेली, सगळं. शेवटचा ताप पण लिहिला. मला वाटलं होतं ते लिहिता येणार नाही. आलं. सगळे कागद भरले, पुढून मागून, दाट. घडीवर एक ओळ आणि दोन घड्यांच्या मध्येही एक, कारण जागा पुरेना.

आणि मावशी, "आई, हे बघ ना" असं लिहिलं, तेव्हा मागून आला. तिचा. माझ्या आवाजातला नव्हे. एकदाच. मी वळले नाही.

हे तुझ्या कोऱ्या कागदांनी दिलं. कोटाचं मी बोलले ते विसर. एवढी तरी माया ठेव.

पुन्हा पत्र कधी पाठवतेस?

तुझी आणि तुझीच
घुमी


१२ मे

ताई,

नमस्कार. मी दुकानातला इस्त्रीवाला. मावशी सांगतात तसं लिहितो. अक्षराला हसू नका, माझा हात कॉलरींवर चालतो.

मावशी सांगतात: घुमे, तुझं पत्र यानेच वाचून दाखवलं. मला आता वाचता येत नाही. डोळ्याच्या आतला पडदा खराब झालाय. आधी मधलं गेलं. समोर बघितलं की भोक, आणि भोवती कडेकडेने दिसायचं. सुई कडेने ओवायची, माणूस कडेने ओळखायचं. तुला म्हटलं ना, भोकाच्या मध्ये कापडच नसतं. मला ते रोज दिसत होतं. तुझा कोट आला तेव्हा दोरा तपकिरी आहे असंच वाटलं. पट्टी कुठली, अस्तर कुठलं, बोटांनी ठरवलं. बोटं चुकली. दुसऱ्या कुणाला दिला नव्हता गं. आठवडाभर दारात उन्हात बसून मीच केला.

(ताई, मी म्हटलं होतं मी उसवून दुसरीकडून करून आणतो. म्हणाल्या, पोरीचा कोट आहे, परका हात लावायचा नाही. हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी लिहितोय.)

मावशी सांगतात: आधी तुला कळवलं नाही. तू बुडत होतीस. बुडत्याच्या गळ्यात आपला दगड कसा बांधायचा? पण कोटाचं तुझं पत्र याने वाचून दाखवलं, तेव्हा वाटलं, सांगायला हवं, नाहीतर ही समजेल, मावशीला माझी किंमत नाही. म्हणून लांब पत्र लिहिलं. याला सांगून लिहिण्यासारखं नव्हतं. ओळी सरळ याव्यात म्हणून कागदाला घड्या घातल्या, घडीला बोट लावून लिहीत गेले. तीन दिवस लिहिलं. नेहमीच्याच पेनाने.

(ताई, ते पेन मी नंतर बघितलं. रिकामं होतं. त्यांना शाई दिसत नव्हती, आणि नाही हेही दिसत नव्हतं. पाकिटावरचा पत्ता मी माझ्या पेनाने घातला होता. आत डोकावलो नाही. एरवी मी सगळ्यांचं डोकावतो. तेव्हाच नाही.)

मावशी सांगतात: चूक तुझी नाही. कोरा कागद आला तर माणूस लिहिणारच. मीच तुला तसं शिकवलं.

त्यात काय होतं ते आता पुन्हा सांगत नाही. बरंच होतं, मला आठवतही नाही, आणि हा ऐकतोय. एवढंच सांगते, की त्यात तुला ये म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, कडेचं आहे तेही या महिन्यात जाईल. म्हटलं, जायच्या आत तुझं तोंड एकदा बघावं. तुझ्या हनुवटीत तुझी आई दिसली असती, आणि ती पण दिसली असती, धूळ लागलेली. आता नको घाई करूस. एप्रिलच्या शेवटी गेलं सगळं. उजेड कळतो फक्त.

(ताई, रोज बस यायच्या वेळेला त्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायच्या. मान वाकडी करून, कारण कडेने दिसायचं. उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे तशी मान. मी विचारायचो, कोण यायचंय? म्हणायच्या, कुणी नाही रे, ऊन खातेय. आता त्या म्हणतात हे लिहू नकोस. मी लिहिलं आहे.)

मावशी सांगतात: तू लिहितेस ते ऐकून मला बरं वाटलं. सवय सोडू नकोस. माझी सुटली.

आपला
इस्त्रीवाला


२० मे

प्रिय मावशी,

तू इथे माझ्या समोर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आहेस. मी तुझ्या टेबलाशी बसून तुला हे पत्र लिहितेय. यापुढे तुला कुठलंच पत्र वाचता येणार नाही, म्हणूनच हे लिहिता येतंय.

तुला मी सकाळी सांगितलं, की तुझं पत्र थोडं वाचता आलं. खोटं होतं ते. इस्त्रीवाल्या काकांचं पत्र आल्यावर मी ते कागद खिडकीत धरले, तिरके, उताणे, पालथे. माझ्या शाईखाली तुझे ओरखडे आहेत. दिसतात. पण मी एकही घडी सोडलेली नाही. तू लिहिलंस तिथेच नेमकं लिहिलं, जोर देऊन, आणि उरलेल्या जागेत पण. तुझ्या एका वेलांटीतून माझा एक काना गेलाय. शेवटच्या पानावर कोपऱ्यात, जिथे ठिपकीचा ताप लिहिताना माझा हात थांबला होता, तिथे दोन अक्षरं सुटी राहिली आहेत. "ये गं." बाकी काही नाही.

जावईबापू म्हणाले, शाई पुसायचा द्राव मिळतो, वरचं पुसलं तर खालचं दिसेल. वरची ठिपकी आहे, मावशी. ती मी एकदाच लिहू शकले. पुन्हा तसं येणार नाही, मी करून बघितलं. मी ती बाटली आणली, आणि झाकण न उघडता परत ठेवून दिली. तुला पुसता आलं असतं तर तूही पुसलं नसतंस, असं मी स्वतःला सांगते. खरं काय ते तुला विचारायचा धीर नाही.

काल बसमधून उतरले तेव्हा तू बाकावर होतीस. मान सरळ होती. मी समोर येऊन उभी राहिले आणि तू माझ्या आरपार रस्त्याकडे बघत राहिलीस. "मावशी," म्हटलं, तर एकदम हसलीस आणि म्हणालीस, "आलीस का घुमे? बस, कोट काढ." मी कोट घातलेलाच नव्हता.

मग माझा चेहरा हातात घेतलास. कपाळ, नाक, गाल, आणि हनुवटीवर येऊन थांबलीस. खळीवर अंगठ्याचं नख फिरवलंस, कापडाचा पोत बघतात तसं. पुन्हा फिरवलंस. मी वाट बघत होते. मला वाटलं, आता म्हणशील, सापडली. तू हात खाली घेतलास. म्हणालीस, "बोटांना कापड कळतं गं. माणूस नाही कळत."

संध्याकाळी डबीला हात लावलास, अंगुस्तान बोटात नसतानाही. मग आठवलं आणि हात मांडीवर ठेवलास. म्हणालीस, "तू लिहिलंयस ते वाच ना. आवाज आला होता म्हणालीस ना तुला? मला पण ऐकव."

मी वाचलं. दाराची कडी वाचली, पडलेला दात वाचला. तू कान इकडे करून ऐकत होतीस. मग ती ओळ आली. "आई, हे बघ ना." मी जितकं बारीक होता येईल तितकी बारीक झाले. तू मान हलवलीस. आणखी एकदा वाच म्हणालीस, आणखी एकदा वाचलं. मला कळलं तुला काय ऐकू येतंय ते. मलाही तेच येत होतं. माझाच आवाज. दुसरा कुणाचाच नाही.

आता तू विचारतेस, "काय लिहितेस एवढं? एकच ओळ म्हटलं होतं ना."

"पत्र," मी म्हटलं.

"कुणाला?"

"तुलाच."

तू म्हणालीस, "पेन उमटतंय ना बघ गं आधी."

उमटतंय, मावशी.